साग-शिसवीचं फर्निचर किंवा तबला-तानपुरा घ्यायचाय? लाकूड कुठून आलं ते आधी असं तपासा

फर्निचर घेताना आपण किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो, पॉलिश मॅट की ग्लॉसी ते विचारतो, पण हे झाड कुठलं आणि कुठे तुटलं हे दुकानात कुणीच विचारत नाही. वाद्यांच्या दुकानातही तसंच, सूर लागला की विषय संपला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न विचारायला फार काही लागत नाही आणि उत्तर तपासायलाही तुम्ही फॉरेस्ट ऑफिसर असायची गरज नाही.

आधीच सांगतो, लाकूड वापरूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. शेताच्या बांधावर साग लावलेल्या शेतकऱ्याला वीस-पंचवीस वर्षांनी भाव मिळालाच नाही तर तो पुन्हा साग कशाला लावेल? नीट वाढवलेलं, नीट तोडलेलं, कागद असलेलं लाकूड जरूर घ्या. नको ते निनावी लाकूड, म्हणजे "सर बेस्ट क्वालिटी आहे" एवढंच ज्याच्याबद्दल सांगता येतं ते.

पहिलं काम : नाव पक्कं करा

बिलावर "रोझवूड" लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. आपल्याकडे या नावाखाली मुख्यतः दोन झाडं येतात. एक शिसव, सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारी, जांभळट-तपकिरी, काळ्या रेघांची, हळू वाढणारी, जुन्या वाड्यातले झोपाळे आणि देव्हारे हिचे असायचे. दुसरं शिसम किंवा शीशम, उत्तरेकडचं, कालव्याच्या कडेला, रस्त्याच्या कडेला, शेतात भरपूर लावलेलं, त्यातलं बरंच जोधपूरकडच्या फर्निचरमधून ऑनलाइन आपल्याकडे येतं. दोन्ही एकाच गटातली, शास्त्रीय नाव डालबर्जिया, पण परिस्थिती पूर्ण वेगळी. शिसव आययूसीएनच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) यादीत "असुरक्षित" आहे, शीशम मात्र आजही सहज मिळणारं लागवडीचं झाड आहे. त्यामुळे दोन्हींत निवड असेल आणि दिसण्याचा फार हट्ट नसेल तर शीशम घ्या, आणि शिसव हवीच असेल तर जुनी शोधा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तरीही परदेशी व्यापारात दोघांना एकच आंतरराष्ट्रीय नियम लागतो, तो का? कारण कापून, रंधा मारून, पॉलिश झालेला तुकडा बघून तो कुठल्या डालबर्जियाचा हे कस्टमवाल्याला सांगता येत नाही, आणि जगभर रोझवूडची तस्करी एवढी वाढली होती की 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत सायटिस करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) जवळपास सगळा डालबर्जिया गटच परिशिष्ट दोनमध्ये टाकला, 2 जानेवारी 2017 पासून लागू. परिशिष्ट दोन म्हणजे बंदी नाही, परवान्यावर व्यापार. ब्राझीलची रोझवूड मात्र 1992 पासूनच परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे तिचा धंदा जवळजवळ बंदच.

डोळ्यांनी, नाकाने, हाताने काय बघायचं

दुकानात गेलात की वरून बघू नका, वस्तू उलटी करा. टेबलाची खालची बाजू, ड्रॉवरचं मागचं, पलंगाच्या पायाचं बूड, इथे पॉलिश नसतं किंवा पातळ असतं आणि खरं लाकूड इथेच दिसतं. वरच्या फळीवरची रेघ कडेवरून खाली उतरते का ते बघा, ती कडेला अचानक तुटत असेल आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर ते विनियर आहे, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. विनियर वाईट नाही, उलट मला तर आवडतं, पण मग भाव विनियरचा द्या, सॉलिडचा नको.

साग ओळखायला वास घ्या. ताज्या कापाला चामड्यासारखा, थोडा तेलकट वास येतो आणि हाताला मेणचट लागतं. ओंडक्याच्या किंवा फळीच्या आडव्या कापावर वर्षाची वर्तुळं आणि त्यात छिद्रांची रांग उघड दिसते. वर्तुळं फार रुंद असतील तर झाड घाईत वाढलंय, आणि त्यात बाहेरचं पांढुरकं रसकाठ जास्त असेल तर ते भुंगा आणि वाळवीला लवकर बळी पडणार. गाभा किती आणि रसकाठ किती हे विचारा, वखारवाला लगेच ओळखतो की गिऱ्हाईक कच्चं नाही.

आंबा किंवा बाभळीवर गडद डाय मारून "शीशम" म्हणून खपवणं हे नेहमीचंच आहे. ओलं पांढरं फडकं पॉलिश नसलेल्या भागावर जोरात घासा, डाय असेल तर बऱ्याचदा रंग फडक्याला येतो. आणि खरं सांगायचं तर आंब्याचं लाकूड आंब्याचं म्हणून विकलं तर त्यात कमीपणा काहीच नाही, जुनं झालेलं, फळ कमी झालेलं झाड कापून ते होतं, चांगलं वाळवलं की घरातल्या फर्निचरला छान चालतं.

बिजा म्हणजे बिबळा, याची एक परीक्षा मला फार आवडते. सुताराकडून त्याचा चिमूटभर भुसा किंवा दोन ढलप्या आणा, काचेच्या ग्लासात साधं पाणी घेऊन त्यात टाका आणि थोडा वेळ थांबा. पाणी आधी पिवळसर होतं, मग चहासारखं होत जातं. आता ग्लास खिडकीशी उन्हात धरा आणि मागे काहीतरी काळं ठेवा, पाण्याच्या कडेला निळसर झाक चमकते. मधुमेहासाठी म्हणून जे लाकडी पेले विकतात ते याच झाडाचे. तबल्याचं खोड (लाकडी भांडं) बिजाचं आहे असं सांगितलं आणि बनवणाऱ्याकडे भुसा उपलब्ध असेल तर हे करून बघण्यासारखं आहे. बिजासुद्धा आययूसीएनच्या यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा हेही उधळण्यासारखं लाकूड नाही.

कागद : इथेच खरी गोष्ट कळते

महाराष्ट्रात 1964 चा झाडतोड नियमन कायदा आहे, त्याच्या यादीत साग, बिजा, खैर, ऐन, किंजळ, मोह, फणस, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं आहेत, म्हणजे झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. तोडल्यावर माल हलवायला वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपीच म्हणतात. सागाचा माल वखारीतून घेत असाल तर तीन गोष्टी विचारा : माल कुठल्या डेपोचा (वनखात्याच्या लाकूड गोदामाचा), लॉट नंबर काय, टीपीची झेरॉक्स दाखवता का. चांगला वखारवाला फाईल काढून दाखवतो. सरकारी डेपोतल्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते, पण तुम्हाला फळ्या मिळणार असल्याने ती खूण दिसेलच असं नाही, म्हणून कागद महत्त्वाचा.

चंद्रपूर-गडचिरोलीचा साग, म्हणजे बल्लारशा आणि आलापल्लीचा, बाजारात आजही "सीपी टीक" म्हणून ओळखला जातो, सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या काळातलं नाव अजून चालू आहे. यातला बराच माल वनखातं आणि वन विकास महामंडळ लिलावात विकतं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना याच भागातला साग गेला. महाग असतो, पण मुळापर्यंत माग काढता येतो, आणि मोठं काम असेल, बंगल्याचा जिना किंवा मुख्य दरवाजा, तर माझ्या मते हाच पहिला पर्याय.

"बर्मा टीक" म्हणून नवा माल कुणी देत असेल तर मात्र थांबा. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपने निर्बंध घातले, कारण त्या लाकडाचा पैसा थेट लष्कराकडे जातो. त्यामुळे आज ताजं बर्मा टीक म्हणजे एक तर ते दुसऱ्याच देशाचं आहे नाहीतर त्याचा पैसा कुठे जातो ते आपल्याला माहितीये. मला तरी ते घरात नको.

मग दुकानात "इम्पोर्टेड टीक" म्हणून काय मिळतं? बहुतेक घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा इथल्या लागवडीचं. साग मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसचा, पण केरळात निलंबूरला 1840 च्या दशकात लागवड झाली आणि पुढे जगभर बागा उभ्या राहिल्या. लागवडीचा साग जंगलतोडीच्या दृष्टीने बरा, पण लवकर कापलेला असल्याने गाभा कमी. आतल्या फर्निचरला चालेल, पावसात भिजणाऱ्या चौकटीला नको. आणि सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, अमुक वर्षांत लाखो मिळतील असं कुणी सांगितलं तर नव्वदीतल्या असल्या स्कीमांमध्ये किती जणांचे पैसे बुडाले ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

सर्टिफिकेटचं एक सांगायचं राहिलं. एफएससी ही नीट राखलेल्या जंगलातल्या लाकडाला सर्टिफिकेट देणारी संस्था, तिचं झाडाचं चिन्ह छापणं सोपं असतं, त्याखाली कोड आहे का ते बघा, एफएससी, मग सी आणि पुढे सहा आकडे. तो कोड त्यांच्या साईटवर टाकला की कंपनी आणि कुठल्या मालासाठी सर्टिफिकेट आहे ते दिसतं. कोड नसेल तर ते नुसतं चित्र आहे.

वाद्य घेताना

तानपुऱ्याची गोष्ट मला खूप महत्त्वाची वाटते. मिरजेचा तानपुरा, ज्याला आणि मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याची दांडी आणि तबली (भोपळ्यावर बसवलेली पातळ फळी) पारंपरिकपणे तूनच्या लाकडाची, आणि खालचा भोपळा पंढरपूर भागात शेतात पिकवलेला. तून हलकं आणि बऱ्यापैकी लवकर वाढणारं झाड, भोपळा तर एका हंगामाचं पीक. म्हणजे आपल्या गायकीचा अख्खा आधारस्वर दुर्मिळ लाकडावर उभाच नाही. तरी काही जण सागाचा, शिसवीचा तानपुरा "स्पेशल" म्हणून मागतात, जड होतो, महाग होतो. तुम्हाला तानपुरा घ्यायचा असेल तर तूनचाच मागा, लाकूड किती वर्षं मुरवलंय ते विचारा, सुराला त्याचा फरक पडतो. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, हाडाची असते, हल्ली सिंथेटिकही मिळते. हस्तिदंत किंवा सांबरशिंग कुणी ऑफर केलं तर साफ नाही म्हणा, वन्यजीव कायद्याने त्यांचा व्यापार बंद आहे, "जुना स्टॉक आहे" हे उत्तर चालत नाही.

तबल्याचं खोड शीशम, बिजा, खैर, कडुनिंब, आंबा अशा बऱ्याच लाकडांचं होतं. शिकायला सुरुवात करणाऱ्या मुलासाठी कडुनिंबाचं किंवा आंब्याचं खोड पुरतं, त्या वयात नाद ठरतो तो पुडी (वर ताणलेलं चामडं) आणि शाईवर (त्यावरचा काळा गोल), आणि पोर दोन वर्षांत सोडूनही देऊ शकतं. पुढे शिकत राहिलं तर जुनं खोड शोधा. पुडी फाटते, वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) बदलते, खोड मात्र पिढ्यानपिढ्या चालतं. ज्यांच्याकडे तुम्ही पुडी बदलता त्यांच्याकडे सांगून ठेवा, कुणी म्हातारे वादक वाजवायचे थांबले की त्यांची खोडं येतात. घेताना पुडी काढलेली असताना आत हात घाला, आतून पॉलिश नसतं, लाकूड दिसतं, किड्याची बारीक भोकं किंवा भरून काढलेली चीर तिथेच कळते. उगाच टिचकी मारून "काय नाद आहे" म्हणण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं.

गिटारवाल्यांनी एक सवय सोडावी, फिंगरबोर्ड (दांडीवर बोटं दाबतो ती पट्टी) काळाकुळकुळीतच हवा ही. कॅमेरूनच्या जंगलात तोडलेलं एबनीचं (काळ्या, कठीण लाकडाचं) झाड आतून पट्ट्यापट्ट्यांचं निघालं की तिथेच टाकून द्यायचे, कारण बाजाराला एकसारखा काळा रंग हवा. टेलर गिटार्स या अमेरिकी कंपनीने 2011 मध्ये कॅमेरूनच्या राजधानीतली, याउंडेची लाकूड गिरणी भागीदारीत घेतली आणि मग तेच पट्ट्यांचं लाकूड गिटारला वापरायला लागले. आवाजाला काही होत नाही. दुकानात रेघा असलेलं एबनी दिसलं तर ते डिफेक्ट समजू नका, मुद्दाम तेच घ्या. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी गिटार कंपनीवर तर बेकायदा लाकडाच्या संशयावरून 2009 आणि 2011 मध्ये छापे पडले, मादागास्करच्या एबनीचं प्रकरण 2012 मध्ये तीन लाख डॉलर दंड भरून मिटवावं लागलं, म्हणजे मोठ्या कंपन्यांनाही "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणून सुटता येत नाही. क्लॅरिनेट घेणार असाल तर ती ज्या लाकडाची बनते त्या आफ्रिकन ब्लॅकवूडबद्दल विचारा, टांझानियातल्या किल्वा भागात गावांनीच राखलेल्या जंगलाला 2009 मध्ये एफएससी मिळालं, तिथलं लाकूड विकून पैसा गावाकडे जातो.

घराच्या फर्निचरला लाकूड कमी कसं लावायचं

मिस्त्रीला "सगळं सागात कर" असं सांगू नका. साग लावा तो फ्रेमला, पायांना, कडेच्या पट्टीला, जिथे भार आणि झीज आहे. पॅनेलला प्लायवर सागाचं विनियर, ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं असतं, एका ओंडक्यात किती घरं सजतील विचार करा. कपाटाच्या आतल्या भागाला शिवणीचं लाकूड चालतं, हलकं असतं, वेडंवाकडं होत नाही, कोकणात शेतकरी हे झाड लावतात. कोकणात तुमचं गाव असेल तर फणसाला विसरू नका, पिवळाधमक रंग हळूहळू मधासारखा गडद होतो, मृदंगम् आणि वीणेला दक्षिणेत हेच लाकूड लागतं, फक्त ते यादीतलं झाड आहे, परवानगी घेऊनच. ऑस्ट्रेलियन बाभूळही आता बऱ्याच मिस्त्रींनी स्वीकारली आहे. रबरवूड म्हणजे केरळ किंवा मलेशियातली चीक द्यायची थांबलेली झाडं, तीही चांगली, फक्त ओलीपासून लांब ठेवा.

प्लायमध्ये "गर्जन फेस" (सगळ्यात वरचा थर गर्जनचा) असेल तर भारी असं समजतात. गर्जन म्हणजे आग्नेय आशियातल्या पावसाळी जंगलाची उंच झाडं, त्यातल्या कित्येक जाती धोक्यात आहेत. वरून लॅमिनेटच चिकटवायचंय, मग फेस गर्जनचा कशाला? यमुनानगरकडचं निलगिरी आणि पॉप्लरचं प्लाय शेतकऱ्यांच्या शेतातल्या झाडांचं असतं. ग्रेड आणि आयएसआय मार्क बघा, ओल्या जागेला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारं) घ्या, फेसचं नाव विसरा.

आणि उरलेले तुकडे मिस्त्रीकडे सोडू नका, तुमच्याच पैशाचं लाकूड आहे, पाट, पोळपाट, शेल्फचे ब्रॅकेट, काहीतरी होतंच.

शिसव किंवा खरा जुना बर्मा टीक हवा असेल तर त्याची जागा जुन्या लाकडाची वखार. पुण्यात, मुंबईत, सांगली-कोल्हापुरात वाडे आणि चाळी पडतायत, तुळया, खांब, दारं सगळं तिथे येतं. हे लाकूड कित्येक दशकं मुरलेलं, नवीन झाड तोडायला नको. जाताना छोटं लोहचुंबक न्या, आत तुटलेले खिळे असतील तर मिस्त्रीचा रंधा आणि करवत खराब होते आणि तो तुमच्यावर चिडतो, ते बरोबरच आहे. टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भुसभुशीत लागलं तर भिंतीत गाडलेला भाग सडलाय, तेवढा कापून भाव कमी करा. जुना चुन्याचा, ऑइलपेंटचा थर असतो, तो खरवडताना मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

परदेशात न्यायचं असेल तर

अमेरिका, दुबई, लंडनमधल्या मंडळींना तबला-पेटी न्यायची असते, आजीचा शिसवी देव्हारा न्यायचा असतो. 26 नोव्हेंबर 2019 पासून परिशिष्ट दोनमधल्या डालबर्जियाची तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग यांना सायटिसच्या परवान्यातून सूट आहे, त्यामुळे शीशमचा तबला न्यायला त्या कारणाने अडचण नाही. ब्राझीलच्या रोझवूडची जुनी गिटार किंवा हस्तिदंत लावलेली सतार मात्र या सूटीत बसत नाही, ती कागदाशिवाय विमानतळावर नेऊच नका. फर्निचरला सूट आहे ती दहा किलोपर्यंत, आणि 2022 च्या पनामा परिषदेत भारताच्या मागणीवरून स्पष्ट झालं की हे वजन पूर्ण शिपमेंटचं नाही तर प्रत्येक वस्तूचं धरायचं, तेही फक्त त्या लाकडाचं, पितळ-लोखंड सोडून. छोटा चौरंग, देव्हारा बसेल, डायनिंग टेबल नाही बसणार. मोठी वस्तू दुकानातून घेऊन पाठवत असाल तर निर्यातदाराकडे हस्तकला निर्यात परिषदेचं "वृक्ष" सर्टिफिकेट (लाकूड कायदेशीर असल्याचं) मिळतं का ते विचारा. आणि बिलावर नुसतं "वुडन आयटम" लिहून घेऊ नका, झाडाचं शास्त्रीय नाव, वजन आणि लाकूड कुठल्या राज्यातलं हे लिहायला लावा, दुकानदार कुरकुर करेल, तरी पैसे देण्याआधीच लिहून घ्या.